वर जाऊन सांगावं लागतं

१८ नोव्हेंबर १९८७, बुधवार, संध्याकाळचे साडेसात. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात पिकॅडिली मार्गाच्या सरकत्या जिन्याखालून धूर येतोय, असं प्रवाशांनी सांगितलं. जिना लाकडी, जुना. पायऱ्यांखाली वर्षानुवर्षं साचलेलं ग्रीस, केस, तिकिटांचे कपटे. भुयारी स्थानकांत धूम्रपानाला १९८५ पासून बंदी होती, पण घरी निघालेली माणसं जिन्यावरून वर येता येताच सिगारेट पेटवायची आणि काडी खाली टाकायची. ब्रिटिश ट्रान्स्पोर्ट पोलिसांच्या, म्हणजे रेल्वेच्या पोलिसांच्या, शिपायांनी आग पाहिली. अग्निशमन दलाला बोलवायचं ठरलं. शिपायाजवळ वायरलेस सेट होता, पण तो जमिनीखाली चालत नव्हता.

म्हणून तो जिना चढून वर गेला, आणि तिथून बोलला.

अग्निशमन दलाला निरोप पोचला ७ वाजून ३४ मिनिटांच्या सुमाराला. पहिले बंब पावणेआठच्या दोन-तीन मिनिटं आधी आले. पावणेआठला जिन्याच्या खोबणीतून ज्वाळांचा लोट एकदम तिकीट हॉलमध्ये घुसला. ३१ माणसं गेली. त्यांत सोहोच्या अग्निशमन केंद्राचा अधिकारीही होता, जो काही मिनिटांपूर्वीच खाली उतरला होता. एका मृताची ओळख पटायला २००४ साल उजाडलं.

सेट खाली चालला असता तर ही माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीचा अहवाल वाचल्यावर तसं म्हणता येत नाही. पाण्याचे फवारे मारायची यंत्रणा जिन्यापाशी होती, ती कोणी सुरू केली नाही. कर्मचाऱ्यांना आगीचं प्रशिक्षण नव्हतं. खाली गाड्या येत राहिल्या, थांबत राहिल्या, प्रवासी उतरत राहिले. पिकॅडिलीचा जिना बंद केल्यावर लोकांना व्हिक्टोरिया मार्गाच्या जिन्याने वर सोडलं, आणि तो जिना त्याच तिकीट हॉलमध्ये उघडत होता. खाली काय चाललंय ते वरच्याला आणि वर काय चाललंय ते खालच्याला माहीत नव्हतं. शिपायाचा जिना चढणं हा त्या सगळ्यातला एक लहानसा तुकडा. मी मात्र त्याच तुकड्यापाशी अडकले.

त्याचं कारण घरचं आहे. माझे बाबा महाराष्ट्र पोलिसांच्या वायरलेसमध्ये होते. आमच्या लहानपणी 'बाबा ड्यूटीवर' म्हणजे बाबा कुठल्या तरी खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेत, समोर सेट खरखरतोय, आणि ते एकच नाव पुन्हा पुन्हा पुकारतायत, एवढंच आम्हाला ठाऊक. पोलीस म्हणून शेजारपाजारच्या मुलांना त्यांचा धाक वाटायचा नाही, कारण त्यांच्या हातात काठी नसायची. चोर पकडल्याच्या गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या. त्यांच्या गोष्टी निरोपांच्या: कुठला पोचला, कुठला अडकला, कुठला पोचेपर्यंत शिळा झाला. कुंभार्ली घाटात गाडी उतरली की एका ठरावीक वळणाला सेट मुका व्हायचा. ड्रायव्हरला ते वळण पाठ. तो आधीच सांगून टाकायचा, 'आता पंधरा मिनिटं आम्ही नाही.' डोंगरावर रिपीटर, म्हणजे संदेश झेलून पुढे पाठवणारं यंत्र, बसवल्यावर ती पंधरा मिनिटं कमी झाली, पुरती गेली नाहीत.

बाबा माझ्याकडे लंडनला आले तेव्हा त्यांना राणीचा राजवाडा, पूल, चाक, सगळं दाखवलं. त्यांनी मान डोलावली. ते खरे खुलले ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, फलाटावर. पिकॅडिली मार्गावर आम्ही उभे होतो, समोरून एक ट्रान्स्पोर्ट पोलीस गेला, खांद्याला माइक लावलेला. बाबांनी कोपराने मला ढोसलं.

"ह्याचा सेट इथं लागतो का गं?"

"लागत असेल की, बाबा."

"असेल म्हणजे काय? विचार."

विचारलं. तो भला माणूस होता. हो, आता सगळीकडे लागतो, म्हणाला, पण जुने लोक सांगतात की पूर्वी पळत वर जावं लागायचं. मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी छताकडे, मग बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीवर खूप वेळ काहीतरी शोधत राहिले. मग बोट दाखवलं. बोगद्याच्या कडेने एक जाड काळी केबल आत गेली होती. "ही बघ," म्हणाले, जणू एखाद्या नातेवाइकाची ओळख करून देताहेत.

खरं तर तोपर्यंत मला वाटायचं की जमिनीखाली रेडिओ चालत नाही कारण वर माती आहे. अर्धंच खरं. वरून येणारा संदेश माती अडवते हे ठीक, पण बोगद्याच्या आतच दोन माणसं शंभर पावलांवर उभी असली तरी एकमेकांना ऐकू का येत नाहीत? बाबांनी ते एका कॉफीच्या दुकानात कागदी रुमालावर काढून दाखवलं. लंडनचा खोल ट्यूबचा बोगदा जेमतेम साडेतीन मीटर व्यासाचा. ५० मेगाहर्ट्झची लहर ६ मीटर लांब. तेवढ्या लांबीची लहर अशा नळीत पुढे सरकतच नाही, तोंडाशीच विरते. १५० च्या आसपासच्या व्हीएचएफची लहर २ मीटरची. ती शिरते, पण लवकर दमते. ४०० च्या यूएचएफची पाऊण मीटरची. ती सरळ बोगद्यात छान पळते, पण वळण आलं की भिंतीवर आपटते. त्यात मध्ये गाडी उभी असेल तर संपलंच, कारण लंडनची खोल ट्यूबची गाडी बोगदा जवळजवळ पूर्ण भरून टाकते. आणि आणीबाणीत गाडी नेमकी मध्येच उभी असते.

यावरचा उपाय कोळशाच्या खाणींमधून आला. इंजिनियर त्याला लीकी फीडर म्हणतात. साध्या केबलचं काम संदेश आत धरून ठेवणं. या केबलच्या तांब्याच्या आवरणाला मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, म्हणजे ठिबक सिंचनाच्या नळीतून पाणी झिरपावं तसा संदेश तिच्या सबंध लांबीभर थोडाथोडा बाहेर झिरपतो, आणि सेटमधून निघालेला आवाज त्याच खाचांतून आत शिरतो. अँटेना एका जागी न राहता बोगद्याएवढी लांब होते. झिरपल्यामुळे पुढे जाता जाता जोर कमी होतो, म्हणून ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर, त्यांना वीज, वीज गेली तर बॅटरी, आणि त्या बॅटऱ्या जिवंत आहेत का ते बघणारा माणूस. बाबांचा शेवटच्या माणसावर भर होता. त्यांच्या मते वायरलेसची अर्धी नोकरी म्हणजे बॅटऱ्या सांभाळणं.

आता ही केबल लावायची कधी? ट्यूब रात्री एकच्या सुमाराला थांबते, पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होते. मध्ये रुळांतला वीजप्रवाह बंद करायचा, तो बंद असल्याची खात्री करायची, माणसं नि सामान बोगद्यात न्यायचं, काम करायचं, एकही हत्यार आत राहिलं नाही हे मोजून बाहेर यायचं. हाताशी खरी उरते ती रात्रीची दोन-तीन तासांची फट. २०१६ पासून काही मार्गांवर शुक्रवार-शनिवारी रात्रभर गाड्या धावतात, तिथे ती फटही गेली. शेकडो किलोमीटरची व्यवस्था अशा फटींमधून बदलायची. त्यामुळे उशीर झाला की मी लगेच कोणाला आळशी म्हणत नाही.

पण काही उशीर या हिशेबात बसत नाहीत.

फेनेल यांचा अहवाल १९८८ च्या नोव्हेंबरात आला, एकूण १५७ शिफारशी. लाकडी जिने काढा इथपासून सुरुवात. त्यांत जमिनीखालच्या रेडिओबद्दलही होतं, पोलिसांच्या आणि अग्निशमन दलाच्याही. ट्रान्स्पोर्ट पोलिसांना बोगद्यात बोलता येईल अशी व्यवस्था त्यानंतर झाली. बाकीच्यांचं तसंच राहिलं. लंडनमध्ये पोलीस एक नाहीत, हे इथे राहायला आल्यावर कळतं. स्थानक आणि गाडी ट्रान्स्पोर्ट पोलिसांची, रस्ता मेट्रोपॉलिटन पोलिसांचा, आणि मधला जेमतेम एक चौरस मैलाचा जुना भाग सिटी ऑफ लंडन पोलिसांचा. अग्निशमन दल वेगळं, रुग्णवाहिका वेगळ्या. प्रत्येकाचे सेट वेगळे.

७ जुलै २००५. सकाळी नऊला दहा कमी असताना तीन गाड्यांत बॉम्ब फुटले: ऑल्डगेटजवळ, एजवेअर रोडला, आणि किंग्ज क्रॉस नि रसेल स्क्वेअर यांच्या मध्ये. तासाभराने टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला बसमध्ये चौथा. ५२ निरपराध माणसं गेली. त्यांतली २६ एकट्या पिकॅडिली मार्गाच्या गाडीत, खोल, अरुंद बोगद्यात, अठरा वर्षांपूर्वीच्या त्या जिन्याने ज्या मार्गावर उतरायचे त्याच मार्गावर.

त्या दिवशी जमिनीखाली रेडिओवर बोलू शकणारे एकच, ट्रान्स्पोर्ट पोलीस. १९८७ साली ज्यांना जिना चढावा लागला होता, २००५ साली सेट त्यांचेच तेवढे चालत होते. अग्निशमन दल, रुग्णवाहिकांचे लोक, इतर पोलीस, सगळ्यांनी माणसं पळवली. खाली किती जखमी आहेत, किती स्ट्रेचर हवेत, अजून किती गाड्या पाठवायच्या, हे सांगायला कोणीतरी बोगद्यातून फलाटावर, फलाटावरून रस्त्यावर जायचं आणि उत्तर घेऊन परत खाली उतरायचं. मोबाइलवर भिस्त ठेवावी तर शहरभर सगळे एकाच वेळी आपल्या माणसांना फोन लावत होते. ऑल्डगेटच्या भागात तर दुपारी काही तास एका कंपनीचं मोबाइल जाळं सामान्य लोकांसाठी बंद करून ठरावीक अधिकाऱ्यांपुरतं राखलं गेलं. ज्यांच्याकडे त्या खास सोयीचे फोन नव्हते, त्यांत मदतीला आलेलेही होते.

शहराच्या निवडून आलेल्या सभेच्या, लंडन असेंब्लीच्या, समितीने २००६ च्या जूनमध्ये त्या दिवसाबद्दल अहवाल दिला, त्यात समितीचे अध्यक्ष रिचर्ड बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीवर बोट ठेवलं: अठरा वर्षांपूर्वीची शिफारस, आणि अजून फक्त एका दलाचे सेट खाली चालतात. मी दोन्ही अहवाल लागोपाठ वाचले तेव्हा मला राग कोणत्या एका माणसाचा आला नाही. तंत्र नव्हतं असंही नाही, केबल भिंतीवर होती. तिच्यातून एकाचा आवाज जात होता, शेजारच्याचा नाही. प्रत्येक खात्याने आपापला प्रश्न सोडवला होता किंवा सोडवायचा ठेवला होता. खात्यांच्या मधली जागा कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हती. सरकारी नोकरीतल्या कोणालाही हे नवीन वाटू नये. बाबांना तर अजिबात वाटलं नाही. त्यांनी विचारलं एवढंच, की त्या केबलची देखभाल कोणाच्या खात्यावर पडते.

हे लंडनचंच दुखणं आहे असं समजू नये. न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेला स्वतंत्र पोलीस दल होतं, ट्रान्झिट पोलीस. १९९० साली विल्यम ब्रॅटन त्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी ज्या गोष्टी आधी हातात घेतल्या त्यांत रेडिओ होते. १९९५ च्या एप्रिलमध्ये महापौर जूलियानी यांच्या काळात हे दल शहर पोलिसांत विलीन झालं. बिल्ले एक झाले, वरिष्ठ एक झाले. लहरी दोनच राहिल्या. खालचे व्हीएचएफवर, वरचे यूएचएफवर. रस्त्यावरचा शिपाई चोराच्या मागे जिना उतरून स्थानकात गेला की त्याचा आवाज वर राहायचा. सगळ्यांना यूएचएफवर आणायची योजना निघाली, सुमारे १४ कोटी डॉलर खर्च झाले, २००४ साल ठरलं होतं ते गेलं, आणि २००७ साली तिथल्या वर्तमानपत्रांत बातमी आली की व्यवस्था उभी आहे पण वापरता येत नाही, लहरींच्या एकमेकींतल्या अडथळ्यामुळे बोलणं नीट ऐकू येत नाही. बाबा तिथे असते तर म्हणाले असते, जमिनीच्या तोंडाशीच घोळ असणार. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या माणसाच्या सेटला एक संदेश वरून मिळतो, एक केबलमधून, आणि दोघांत किंचित वेळेचं अंतर पडलं तरी शब्द चिरडतात. मी तिथे गेले नाही, त्यामुळे नेमकं कुठे बिनसलं हे त्यांच्या नावावर खपवत नाही. चोवीस तास चालणाऱ्या, ४७२ स्थानकांच्या रेल्वेत लंडनची ती रात्रीची फटसुद्धा नसते, हे मात्र खरं.

वॉशिंग्टनमध्ये तर २०१५ च्या जानेवारीत लान्फाँ प्लाझा स्थानकाजवळ गाडी धुराने भरली, आत लोक अडकले, एका बाईचा जीव गेला, आणि अग्निशमन दलाचे सेट बोगद्यात नीट चालले नाहीत. त्यावर फार लिहीत नाही. वाचताना इतकं ओळखीचं वाटलं की पुढचं पान उलटायच्या आधीच ठाऊक होतं.

लंडनने २००५ नंतर मात्र वेळ घालवला नाही, हेही सांगायला हवं. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी देशभर एअरवेव्ह नावाचं डिजिटल जाळं उभं राहत होतंच. टेट्रा नावाच्या डिजिटल रेडिओ पद्धतीचं, ४०० मेगाहर्ट्झच्या अलीकडचं. ट्यूबने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांत टेट्राचंच जाळं घातलं होतं. त्याच केबलवरून एअरवेव्ह खाली न्यायचं ठरलं आणि २००९ उजाडेपर्यंत १२५ भुयारी स्थानकांवर ते पोचलं. म्हणजे अठरा वर्षं जे अडलं होतं, ते मनावर घेतल्यावर तीन-साडेतीन वर्षांत झालं. याच हिशेबाने मला सगळ्यात जास्त त्रास होतो. बोगद्यातल्या केबलची फीत कापायला मंत्री येत नाहीत, हे एक कारण असेल. नवी गाडी लोकांना दिसते. पोलिसाच्या खांद्यावरचा माइक चालतो की नाही, हे प्रवाशाला कळायचा दिवस म्हणजे वाईटच दिवस.

मुंबईत मेट्रो ३ सुरू झाली तेव्हा मी सुट्टीवर नव्हते, घरच्यांच्या फोनवरूनच कळत होतं. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यांतली २६ जमिनीखाली. २०२४ च्या ऑक्टोबरात पहिला टप्पा, २०२५ च्या ऑक्टोबरात शेवटचा. कौतुक होतं तसा एक तक्रारीचा सूर सारखा ऐकू आला: खाली मोबाइलला रेंज नाही, तिकीट काढायला यूपीआय चालत नाही. तक्रार रास्तच. पण त्या सगळ्या गलक्यात पोलिसाच्या नाहीतर बंबवाल्याच्या सेटबद्दल मला एक ओळ वाचायला मिळाली नाही. बाबांनी मात्र पहिल्याच फोनवर विचारलं. बावीस वर्षं सेटसमोर बसलेला माणूस मेट्रोच्या एसीबद्दल विचारत नाही.

आणि लंडनमध्ये आता पुन्हा सगळं बदलायचं आहे. टेट्रावर आवाज उत्तम जातो, पण चित्र, नकाशे, व्हिडिओ जात नाहीत. म्हणून ब्रिटनने २०१५ साली ठरवलं की आणीबाणीच्या सगळ्या सेवांनी ४जीवर जायचं. एअरवेव्ह २०१९ च्या अखेरीला बंद होणार होतं. आताची तारीख २०२९ ची आहे. बोगद्यांत ४जी यायला मार्च २०२० मध्ये ज्युबिली मार्गाच्या वेस्टमिन्स्टर ते कॅनिंग टाउन या टप्प्यापासून सुरुवात झाली, पुढे बाकीच्या मार्गांवर पसरत गेलं. पोलिसांचं नवं जाळंही त्याच केबलवरून जाणार आहे. सध्या चित्र असं की गाडीतला पोरगा बोगद्यात क्रिकेटची मॅच बघत बसलेला असतो, आणि त्याच्या शेजारी उभ्या पोलिसाच्या खांद्यावरचा सेट गेल्या पिढीचा असतो. मला ते चूक वाटत नाही. जुन्या सेटचं बटण दाबलं की क्षणात आवाज जातो, आणि नवं त्याच्याइतकं भरवशाचं झाल्याशिवाय जुनं काढू नये, याबाबतीत मी पूर्णपणे बाबांच्या पक्षात आहे.

त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. टेट्राचे सेट मध्ये कुठलंही जाळं नसलं तरी एकमेकांशी थेट बोलू शकतात. स्फोटात केबल तुटली, आगीत अॅम्प्लिफायर जळाला, तरी वळणाच्या अलीकडचे दोघे जण एकमेकांना ऐकू शकतात, आणि तिसरा जिन्यापाशी उभा राहिला तर निरोप तिघांतून वर जातो. फोनच्या जातीच्या सेटला टॉवर लागतो, टॉवर नाही तर तो मुका. थेट बोलायची सोय नव्या सेटमध्ये कशी बसवायची, वेगळं यंत्र जोडून की जुनाच सेट खिशात ठेवून, यावर ४जीवर जायच्या या कार्यक्रमात वर्षानुवर्षं खल झाला आहे. बाबांना मी हे फोनवर समजावून सांगत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही द्या म्हणावं. वजन किती वाढतंय, पाव किलो?"